पाणी येत नसतं, कोणीतरी सोडतं

आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी लिफ्टशेजारी एक थर्माकोलचा बोर्ड लागला, त्यावर रंगीत कागदाची कापलेली अक्षरं, ‘कृतज्ञता भिंत’. खाली पिवळ्या स्टिकी नोट्सचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेला पेन, जो तिसऱ्या दिवशी गेला आणि दोरी तेवढी लोंबकळत राहिली. रोज एक चिठ्ठी लिहून चिकटवायची, आयुष्यातल्या छोट्या छोट्या आनंदांबद्दल. लोकांनी लिहिल्याही, आपल्याकडे सांगितलं की लोक करतात. ‘सकाळचं कोवळं ऊन’, ‘आईच्या हातचे पोहे’, ‘माझी टीम’, ‘आलं घातलेला चहा’. आणि त्याच आठवड्यात पहिल्या-तिसऱ्या शनिवारची सुट्टी बंद झाल्याचा मेल आला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर एका चिठ्ठीवर फक्त ‘शनिवार’ एवढंच लिहिलेलं. कोणी लिहिलं माहीत नाही, दुपारच्या डब्यापर्यंत ती काढलेली होती. ‘कोवळं ऊन’ मात्र अजून आहे, कडा वळल्यात त्याच्या.

हे वाचून वाटेल की बाई कृतज्ञतेवर टीका करायला बसल्यात. तसं नाही. रोज चार चांगल्या गोष्टी आठवाव्यात याला माझी ना नाहीच, उलट मला तर वाटतं आपण फार कमी आठवतो. माझं भांडण आहे ते आत्ता जी कृतज्ञता सगळीकडे वाटली जातेय, ऑफिसात, शाळेत, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सहाला सूर्याच्या फोटोसकट, तिच्यावर पत्ताच नसतो ह्याच्याशी. पाकीट छान आहे, आत मजकूरही छान आहे, पण पत्ता न लिहिता पेटीत टाकलंय. टाकणाऱ्याला बरं वाटतं आणि पोचत कुणालाच नाही.

माझंही पाकीट असंच होतं हे आधी कबूल करते. नणंदेने आमच्या फॅमिली ग्रुपवर एकवीस दिवसांचं चॅलेंज काढलं, रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या. पहिले तीन दिवस झकास गेले, डोक्यात साठलेलंच होतं. पाचव्या दिवशी मी चहा दुसऱ्यांदा लिहिला. सातव्या दिवशी जाऊबाईंनी लिहिलेलं ‘निळं आकाश’ उचललं (पावसाळा होता, आकाश कुठलं निळं, पण कोणी काही बोललं नाही). आठव्या दिवसापर्यंत ते शुद्धलेखनाच्या वहीसारखं झालं, झोप आलीय आणि तीन ओळी व्हायच्यात. आनंदाचाच गृहपाठ झाला की त्यातला आनंद पहिल्यांदा पळतो, हे ज्याने लहानपणी ‘माझा आवडता पक्षी’ निबंध लिहिलाय त्याला सांगायला नको. मला पोपट आवडायचा तोपर्यंत.

नवव्या दिवशी आमच्याकडे पाच दिवसांनी पाणी आलं होतं. टाकी भरली, पिंप भरलं, बादल्या भरल्या, मशीन लावलं, आणि मी खरोखर मनापासून पहिल्या क्रमांकाला लिहिलं, ‘पाणी आलं’. लिहून बघत बसले. मुलगी पाचवीत आहे, तिला नेमकं त्याच आठवड्यात ‘कर्ता ओळखा’ होतं, तिने वहीत डोकावून सांगितलं, आई, ह्यात कर्ता पाणी.

म्हणजे बघा ना आपण दिवसभर कसं बोलतो. पाणी आलं. लाईट गेली. दूध आलं. कचरा गेला. सिलेंडर आला. पेपर आला नाही. रस्ता झाला. सगळ्या वस्तू आपल्या पायांनी येतात आणि जातात. व्याकरणात काही चूक नाही, बोलायला सोपं पण आहे, पण रोज सकाळी पन्नास वेळा असं बोलून बोलून आपल्याला खरंच वाटायला लागतं की पाणी येतं. पाणी येत नसतं. पाणी कोणीतरी सोडतं.

कोण सोडतं ते मला माहीत नव्हतं. बारा वर्षं ह्या गल्लीत राहते. दोन ग्रुपवर आहे गल्लीच्या, दोन्हीवर ‘पाणी किती वाजता येणार’ हा प्रश्न मी स्वतः शंभरदा टाकला असेल, पण हा माणूस मी बघितलेला नव्हता. मग पुढच्या पाळीला मुद्दाम पावणेपाचला उठून गेटवर जाऊन उभी राहिले, गाऊनवर शाल घेऊन, कुत्री भुंकतायत, वॉचमन काका बघतायत ताईंना काय झालं. कोपऱ्यावर मोटरसायकल थांबली. साठीच्या आतबाहेरचा माणूस, डोक्याला मफलर, गाडीला आडवी बांधलेली उंचीएवढी लोखंडी चावी, टी आकाराची. आमच्याकडे त्यांना चावीवालेच म्हणतात. रस्त्यातल्या चेंबरवर झाकण नव्हतं, फरशीचा तुकडा ठेवलेला, तो पायाने सरकवला, आत काळं पाणी तुंबलेलं. त्या पाण्यात चावी खाली सोडून चाचपडत व्हॉल्व्हचं तोंड शोधलं, आणि मग दोन्ही हातांनी, अख्खं अंग वळवून, एक एक आटा फिरवायला लागले. तोंडाने मोजत होते. मी गेले जवळ आणि म्हणलं, मामा, थँक्यू हं, पाणी सोडता रोज.

ते दचकलेच. मोजणं थांबवून म्हणाले, “काय झालं ताई, मागच्या टायमाला नव्हतं का आलं तुमच्याकडं?”

म्हणजे त्यांच्याशी कोणी बोललं की तक्रारच असणार, हा इतक्या वर्षांचा अनुभव. तक्रार नाही म्हणल्यावर त्यांना पुढे काय बोलावं कळेना, मलाही कळेना. मग मी विचारलं किती आटे असतात. तिथून जो माणूस बोलायला लागला! ह्याचे बावीस, वरच्या गल्लीचे अठरा, आणि एकदम उघडायचा नाही, हळूहळू, नाहीतर पाण्याचा धक्का बसतो आणि खालची जुनी लाईन फुटते. बंद करताना तर त्याहून सावकाश. आमच्या गल्लीला चाळीस मिनिटं, मग पुढचा चेंबर, असे सकाळी दहापर्यंत सात व्हॉल्व्ह. कुणाच्या घरी लग्न असलं, मयत असली तर पाच मिनिटं जास्त ठेवतो, म्हणाले, ते कुठं लिहिलेलं नसतं. आणि मग सहज, अजिबात टोमणा नाही, “तुमच्या बिल्डिंगला डायरेक्ट लाईनवर मोटार हाय ना, म्हणून ते चढावरचे शिव्या देतात मला. त्यांच्याकडं पोचतच नाही.”

आहे मोटार. आमच्याच काय, उताराच्या अंगाच्या सगळ्याच बिल्डिंगना आहे. ज्या पाण्याबद्दल मी नवव्या दिवशी तीन बदामांसकट कृतज्ञता लिहिली होती, त्यातलं काही चढावरच्या कुणाच्या तरी पिंपातलं होतं.

ह्या सकाळनंतर मला ‘कृतज्ञ’ हा शब्द वेगळाच दिसायला लागला. शब्द सोपा आहे, कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. सर्वज्ञ, तज्ज्ञ, तसा कृतज्ञ. आपल्यासाठी काय केलं गेलंय ते ज्याला माहीत आहे तो. ह्यात छातीवर हात ठेवून डोळे मिटणं कुठंच नाही, बरं वाटणंही नाही, माहिती असणं आहे. ‘आभार’मध्ये तर सरळ भारच ऐकू येतो. म्हणजे आपल्या भाषेत हा शब्द भावनेपेक्षा माहितीच्या आणि ओझ्याच्या घरातला आहे. आणि आपण त्याची मेणबत्ती करून ठेवली, सुवासिक.

आता खांदेमळणी सांगते. माझं माहेर जालन्याकडचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात, हे शहरातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना पोळा म्हणजे झूल, बेगड, शिंगांना रंग आणि पुरणपोळी, तेवढा फोटोत येतो म्हणून. पण खरा पोळा आदल्या दिवशी. बैल धुवून आणायचे, मानेवर जिथं जू बसतं तो खांदा कोमट पाण्याने शेकायचा, आणि मग लोणी-हळद लावून सावकाश मळायचा, आणि मळताना बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमचे अप्पा हे काम गड्याला कधी करू द्यायचे नाहीत. मी कंदील धरून उभी असायची. ते बोटांनी खांदा चाचपत जायचे आणि मध्येच एका जागी थांबायचे, परत तिथंच दाबायचे, बैल कातडी थरथरवायचा. “सर्जाचा खांदा आलाय,” म्हणायचे. खांदेसूज. जू घासून घासून तिथं गाठ येते, वरून केसांत दिसत नाही, हाताला लागते. मग दुसऱ्या दिवशी सर्जाची मिरवणूक निघायची ती निघायचीच, पण पोळ्यानंतर आठ-दहा दिवस त्याच्या मानेवर जू नाही, आणि तेवढ्यात ते जू सुताराकडे जाऊन त्याची कड तासून यायची.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आभार मानणं म्हणजे हे. त्याच हाताने, त्याच वेळी, खांदा मळायचा आणि सूज आहे का बघायची. ह्यातलं एक सकारात्मक आणि दुसरं नकारात्मक असं अप्पांना कुणी सांगितलं असतं तर ते बघतच राहिले असते. आणि खांदा न बघता नुसती झूल टाकली तर? झूल छानच दिसते. सूज तिच्याखाली झाकून जाते.

आणि गेल्या काही वर्षांत आपण समाज म्हणून नुसत्या झुली टाकतोय. सगळ्यात मोठी झूल आपण २२ मार्च २०२० ला टाकली, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी पाचला. मीही वाजवली थाळी, खोटं का बोला, आमच्या गॅलरीत मुलगी, नवरा, सासूबाई, सगळे, डोळ्यांत पाणी पण आलं होतं, कारण अख्खी गल्ली एका वेळी डॉक्टर-नर्ससाठी वाजवतेय हे दृश्यच तसं होतं. त्यानंतर पुढच्या काही दिवसांत ठिकठिकाणच्या बातम्या यायला लागल्या की भाड्याने राहणाऱ्या नर्सना, डॉक्टरांना घरमालक खोली सोडा म्हणतायत, कुठं दगडफेक, कुठं मारहाण. थाळीनंतर बरोबर महिन्याने, २२ एप्रिलला, केंद्र सरकारला वटहुकूम काढून साथरोग कायदा बदलावा लागला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा. एका महिन्यात थाळीपासून वटहुकुमापर्यंत. ज्यांनी थाळ्या वाजवल्या त्यांनीच घरं रिकामी करायला लावली असं मी म्हणत नाही, पण थाळी वाजवताना शेजारच्या इमारतीतल्या नर्सताईंचं घरभाडं, त्यांची ड्युटीची बस, त्यांचा मास्क, ह्यातलं काही आपल्याला माहीत होतं का? मला नव्हतं.

आशाताईंचं तर विचारूच नका. घरोघर जाऊन ऑक्सिमीटर लावणाऱ्या, यादी करणाऱ्या, शिव्या खाणाऱ्या ह्या बायका कागदोपत्री ‘स्वयंसेविका’, त्यांना पगार नाही, कामावर आधारित मोबदला. महाराष्ट्रात सत्तर हजाराच्या आसपास आशा, त्या १५ जून २०२१ पासून संपावर गेल्या, मानधन वाढवा म्हणून. तेव्हा आमच्याच त्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘ह्या काळात संप? जरा परिस्थितीचं भान ठेवा’. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला, तेव्हा त्याच ग्रुपवर त्याच माणसाने तिरंगा आणि हात जोडलेली इमोजी टाकली. मी दोन्ही मेसेज शोधून शेजारी शेजारी ठेवून बघितले होते. माणूस वाईट नाही हो, प्रेमळ आहे, आजारपणात पहिला धावून येतो. पण त्याच्या डोक्यात गौरव आणि मोबदला हे दोन वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत आणि मधलं दार बंद आहे.

आपल्याकडची कृतज्ञता आणखी एका बाबतीत चमत्कारिक आहे, ती कायम वरच्या दिशेने वाहते. कुठल्याही चौकात जा. गटार झालं, रस्ता झाला, नवीन पाईपलाईन पडली की फ्लेक्स लागतो, ‘जाहीर आभार’, वर दोन हात जोडलेले साहेब, खाली बारा कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साईज फोटो, कोणीही खोरं धरलेलं नाही. पैसा आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतला, खड्डा खणला तो बाहेरगावच्या मजुरांनी, दोन महिने रस्त्याच्या कडेला पाल टाकून राहिले, त्यांच्या पोरांनी आमच्या नळावर पाणी मागितलं की आमच्यातल्याच काहींच्या कपाळाला आठ्या, आणि आभार कुणाचे, तर नारळ फोडला त्यांचे. लहानपणापासून आभार म्हणलं की आपल्याला स्टेजवरचं आभारप्रदर्शन आठवतं, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मग ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’. ह्या ‘अज्ञात’मध्ये सतरंज्या घालणारे, माईकवाला, चहावाला सगळे कोंबलेले. तोपर्यंत अर्धे लोक चप्पल शोधत असतात.

ह्यावर नेहमी येणारं उत्तर माहीत आहे मला, की बाई, अभ्यास झालेत, डायरी लिहिण्याने फायदा होतो. होतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो ह्यांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात आठवड्याला पाच गोष्टी लिहिणारी मुलं कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाली, व्यायामही जास्त करत होती. पण त्यांनी दिलेली उदाहरणं बघा, चांगल्या आईवडलांबद्दल, देवाला आणखी एक दिवस दिल्याबद्दल, एकाने तर आवडत्या रॉक बँडचे आभार मानलेत. कुणाला तरी, कुणाबद्दल तरी. ह्याच एमन्सचं म्हणणं आहे की चांगल्याचा उगम आपल्या बाहेर आहे हे ओळखणं हा कृतज्ञतेचा अर्धा भाग. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वेगवेगळे उपाय शेजारी ठेवून तपासले, तर सुरुवातीला सगळ्यात मोठी उडी कशाने आली, ज्याचे आभार राहून गेलेत अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः जाऊन देण्याने. परिणाम महिनाभर टिकला, मग ओसरला, म्हणजे परत जायला लागतं. अमित कुमार आणि निकोलस एपली ह्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात त्याला वाटतं त्याहून खूप कमी अवघडतं आणि खूप जास्त बरं वाटतं. आणि सोन्या ल्युबोमिर्स्की ह्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झालाच नाही. आमच्या एकवीस दिवसांच्या चॅलेंजला हे कोणी सांगितलं नव्हतं. विज्ञान त्या भिंतीच्या बाजूने आहे असं समजू नका एवढंच.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला माझ्या आईच्या तोंडूनच ऐकायला मिळाला. अप्पा गेल्यावर ती वर्षभर फारशी बोलत नव्हती, पण रोज संध्याकाळी फोनवर एक गोष्ट हमखास सांगायची, आज जाईला सात फुलं. आज अकरा. आज वासरू दाव्याला हिसके देतंय. मी हे सगळं पुराण तिला ऐकवलं तेव्हा म्हणाली, “मग मी त्या जाईचं नाव-गाव विचारत बसू का? काही गोष्टी नुसत्या बघायच्या असतात गं.” बरोबर आहे तिचं. दुःखात बुडालेल्या माणसाला सात फुलं म्हणजे धरायला काठी असते, तिथं कुणाचे आभार आणि कुणाचा मोबदला विचारायला जाणं हा निव्वळ आगाऊपणा. आणि सुख हे सुख म्हणून भोगावं, पावसात गरम भजी खाताना बेसनाच्या गिरणीवाल्याचा विचार केलाच पाहिजे असं काही नाही, भजी गार होतील. मला वाटतं आपण दोन गोष्टींची गल्लत करतोय. आनंद झाला तर होऊ द्या, त्याला वहीची गरज नाही. पण त्या आनंदाला कृतज्ञता हे मोठं नाव द्यायचं असेल, तर मात्र चौकशी करायला लागेल. आईची जाई आनंद आहे. माझं ‘पाणी आलं’ कृतज्ञता म्हणून मी ग्रुपवर टाकलं होतं.

दुसरा आक्षेप, ‘पगार घेतात ना त्याचा, मग आभार कसले?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारते, किती घेतात? वेळेवर मिळतो का? माहीत असेल तर आभार नाही मानले तरी चालेल, कारण पगार किती आणि कधी एवढं जरी कळलं तरी अर्धी कृतज्ञता झालीच.

पुण्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, घरोघरचा कचरा त्या बायका उचलतात आणि हाताने वेगळा करतात. त्यांनी लोकांना काय मागितलं? फलक नाही, सत्कार नाही. वापरलेलं सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल पेनाने एक ठिपका काढा, म्हणजे उघडून हात घालायला लागणार नाही. एक लाल ठिपका. पाच सेकंद लागतात. आठवड्याला पाच गोष्टी लिहिण्यापेक्षा हा ठिपका मला जास्त कृतज्ञ वाटतो, कारण तो काढताना पलीकडचा हात डोळ्यासमोर येतोच, टाळू म्हणलं तरी टळत नाही.

शाळांबद्दल बोलते, कारण आता हे शाळेत शिरतंय. दिल्लीत जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवीला ‘हॅपिनेस’चा तास सुरू झाला, आपल्याकडेही २०२४ मध्ये पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला. मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आठवड्यात एक मोकळी वेळ, ह्याला कोण वाईट म्हणेल. पण माझ्या मुलीच्या वर्गात (सगळीकडे असं असेल असं नाही) ह्यात एक कृतज्ञतेची वही आली, आणि मुलं लिहितायत ‘मी झाडांची आभारी आहे, मी सूर्याची आभारी आहे’. झाडाला आणि सूर्याला काही पाहिजे नसतं, म्हणून ते सगळ्यात सोयीचे. त्यापेक्षा एका शनिवारी पोरांना शाळेच्या मागच्या शेडमध्ये न्या ना, जिथं मावशी खिचडी शिजवतात. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, पटावर मुलं किती, म्हणजे आज तांदूळ किती किलो, पातेलं किती जणांनी उचललं, मावशी किती वाजता येतात, त्यांना महिन्याला काय मिळतं, मागचा महिना मिळाला का. गणित पण होईल, भूगोल पण. मुलं विचारतील, मुलांना लाज नसते ह्या बाबतीत, मोठी माणसं अवघडतात. अवघडू द्या.

मुलीने वहीत चावीवाल्या मामांबद्दल लिहिलं होतं, मीच सांगितलेलं ऐकून. ‘मामा बावीस आटे फिरवतात म्हणून आम्हाला पाणी मिळते. त्यांना ग्लोव्हज नाहीत.’ पहिल्या वाक्यापुढे स्टार होता. दुसऱ्याखाली पेन्सिलने बारीक रेघ, काही शेरा नाही. मी त्या रेघेचा अर्थ लावत बसले बराच वेळ, मग सोडून दिला, बाईंना कदाचित ग्लोव्हजचं स्पेलिंग बघायचं असेल.

तर आम्ही गल्लीतल्या अकरा जणींनी मिळून अर्ज केला. चेंबरला झाकण बसवा, आणि कर्मचाऱ्यांना हातमोजे द्या. मोटारीचं मी आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये काढलं, तिथं जे झालं ते इथं लिहीत नाही, मोटार अजून आहे, पण पहिली वीस मिनिटं बंद ठेवतात आता, म्हणजे ठेवायचं ठरलंय. झाकण अडीच महिन्यांनी आलं. हातमोजेही आले, रबरी, जाड, सगळ्यांना एकाच मापाचे. मला इतका आनंद झाला की पाळीच्या दिवशी पहाटे परत गेले बघायला, थर्मासमध्ये चहा घेऊन.

मामा उघड्या हातांनीच आटे फिरवत होते. मोजे गाडीच्या डिकीत, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

“घालत नाही का मामा?”

“चावी सटकती ताई त्याच्यात. ग्रीप येत नाही.”

“मग अर्जात काय लिहायला पाहिजे होतं?”

चहाचा घोट घेतला, चेंबरकडे बघितलं. नवीन झाकण बाजूला काढून ठेवलेलं, आत तेच काळं पाणी. “ही ड्रेनेजची लाईन फुटलीया, ती गळती हितं. ती बंद करा म्हणावं. मोजे तुम्हीच मागितले होते, आम्हाला कुणी इचारलंच नव्हतं.” मग कप खाली ठेवून परत चावी धरली, आणि कितव्या आट्यावर होतो ते विसरले म्हणून पहिल्यापासून मोजायला लागले.